तळ्याच्या तळाशी एक रविवार

महाळुंग्याच्या कंपनीत माझं काम मोजण्याचं. सीएमएम मशीनचं माणकाचं टोक पार्टला टेकवायचं, एक्स-वाय-झेड घ्यायचे, ड्रॉइंगशी ताडायचे. वीस मायक्रॉन इकडचे तिकडे झाले की पार्ट बाद. त्यामुळे जर्मनीहून ट्रेनिंग द्यायला आलेला पाहुणा कँटीनमध्ये म्हणाला, की तो सुट्टीच्या दिवशी मोबाइलवर अक्षांश-रेखांश टाकून लोकांनी लपवलेले डबे शोधत हिंडतो आणि चार-पाच मीटरचा फरक त्यात धरलेलाच असतो, तेव्हा टेबलावर हशा पिकला. एवढ्या टॉलरन्समध्ये आमची अख्खी लॅब मावते.

खेळाचं नाव जिओकॅशिंग. मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकेने जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली. तोवर साधा रिसीव्हर शंभरेक मीटर सहज चुकायचा. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने ओरेगन राज्यात, बीव्हरक्रीक गावाजवळच्या झाडीत एक प्लास्टिकची बादली ठेवली आणि जागेचे आकडे इंटरनेटवर टाकले. बादलीत वही-पेन्सिल, पुस्तकं, एक गलोल, शिवाय घेवड्याचा एक बंद डबा. सापडेल त्याने काही घ्यावं, बदल्यात काही ठेवावं, वहीत नाव लिहावं. आज जगभर असे लाखो डबे दडलेले आहेत.

पाहुण्याला पुण्यातल्या एखाद्या जुन्या बागेत डबा लपवायचा होता. मी सारसबाग सुचवली. आठवीतली पुतणीही निघाली. कासारवाडीहून मेट्रो, स्वारगेटला उतरून पुढे चालत. बागेच्या दाराशी त्याने पाठपिशवीतून स्टीलचा छोटा डबा काढला. वरून काळी चिकटपट्टी गुंडाळलेली.

मी तो आधी पिशवीत परत घालायला लावला.

त्याला कारण कळेना. मग तिथेच बाकावर बसून सांगितलं. १३ फेब्रुवारी २०१० ला कोरेगाव पार्कातल्या जर्मन बेकरीत बेवारस बॅगेतला बॉम्ब फुटला, माणसं गेली. १ ऑगस्ट २०१२ ला जंगली महाराज रस्त्यावर एका संध्याकाळी एकापाठोपाठ स्फोट झाले. ‘बेवारस वस्तूला हात लावू नका’ हे वाक्य या शहरात मुलं पाढ्यांबरोबर शिकली आहेत. झाडाच्या ढोलीत चिकटपट्टीचा डबा कुणाला दिसला, तर वहीत नाव लिहायला कोण थांबणार? बाग रिकामी होईल, श्वानपथक येईल, आणि आम्हा तिघांची रात्र चौकीत जाईल. खेळाच्या नियमांतही जागेच्या मालकाची परवानगी लागतेच. ती महापालिकेकडे मागायला मी काही जाणार नव्हतो. तो गप्प झाला, मग म्हणाला, डब्याशिवायही प्रकार असतो. आकडे द्यायचे, तिथे जाऊन नीट बघायचं आणि प्रश्नाचं उत्तर शोधायचं.

खरं तर मला हेच जास्त पटलं. डब्यात काय, चाव्यांची कडी नाहीतर प्लास्टिकचा हत्ती!

कोडं रचायला आम्ही बागभर फिरलो. १८ अंश ३० मिनिटं उत्तर, ७३ अंश ५१ मिनिटं पूर्व, आणि त्यापुढे मिनिटाची तीन दशांश स्थळं. शेवटचा आकडा एकाने बदलला की उत्तर-दक्षिण सुमारे १.८५ मीटर सरकतं. मोठ्या झाडाखाली फोनचा बाण मात्र बिथरायचा. पानांत सिग्नल अडतो, भिंतीवर आपटून उशिरा पोचतो. पुतणी तीन पावलं पुढे, दोन मागे करत राहिली. शेवटी सुरक्षारक्षकाने हटकलंच.

“ओ साहेब, काही हरवलंय का?”

“नाही काका, मंदिराची जागा मोजतोय.”

“मंदिर समोर दिसतंय की!”

मंदिर दिसत होतं, पण मी पुतणीला विचारलं, “सगळी बाग सपाट, मग गणपतीला जाताना चढावं का लागतं?” तिने चारी बाजूंनी फेरी मारली. कुठूनही गेलं तरी मंदिर वरच. भोवती कमळांची छोटी कुंडं. ती म्हणाली, “काका, हे बेट आहे!”

बेटच. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी आंबील ओढ्याचं पाणी अडवून तळं करवलं, मध्ये बेट राखलं. सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ मध्ये, त्यावर गणपती बसला. म्हणून अजून ‘तळ्यातला गणपती’. पुढे तळं गेलं, त्या जागी ही बाग आली. १९५३ मध्ये महापालिकेने शेजारी पेशवे पार्क काढलं, १९५६ पासून तिथे फुलराणी ही छोटी आगगाडी धावू लागली. तिथले प्राणी नंतर कात्रजला गेले, फुलराणी राहिली. हिवाळ्यात या गणपतीला स्वेटर आणि टोपी घालतात, हे ऐकून पाहुण्याने मला दोनदा विचारून खात्री करून घेतली.

सगळं बोलून झाल्यावर त्याने पायाखाली पाहिलं आणि विचारलं, म्हणजे आपण मघापासून पाण्याखाली हिंडतोय? फोनवर उंचीचा आकडा बघून पाण्याची खोली काढायचाही प्रयत्न त्याने केला. तो सोडून द्यावा लागला, कारण जीपीएस उंचीत आडव्या अंतरापेक्षा जास्त चुकतं. कोड्याचा प्रश्न मात्र ठरला: या आकड्यांवर उभे राहा, पर्वतीकडे तोंड करा, आणि १७८४ मध्ये इथे यायला काय लागलं असतं ते सांगा. पुतणीचं म्हणणं, ‘होडी’ असं उत्तर फारच सोपं आहे, लोकांना दिशेसकट विचारावं. त्यावर दोघांचा वाद पावभाजी येईपर्यंत चालला. डब्यात शेवटी तिचे शेंगदाणे भरले गेले.

सोमवारी लॅबमध्ये त्याने पुढची जागा विचारली. मी चाकणचा संग्रामदुर्ग सांगितला. १६६० मध्ये शाइस्ताखानाच्या फौजेसमोर फिरंगोजी नरसाळ्यांनी तो जवळपास दोन महिने लढवला, शेवटी मोगलांनी सुरुंगाने बुरूज उडवला. भुईकोट आहे, आता गावाने चहूकडून वेढलेला. महाळुंग्याहून हाकेच्या अंतरावर. कधी जायचं, म्हणाला. म्हटलं, रविवारी सकाळी सातला. आठनंतर तळेगाव चौकात अडकलास, तर तुझे आकडे तासभर बदलायचे नाहीत.