नुसती सोबत पुरत नाही

संपादकांनी ‘लॉकडाउनमधली मुलं’ हा विषय सुचवला तेव्हा मी नाहीच म्हणणार होते. मेंदूचं नुकसान झालं की नाही, एवढं एकच वाक्य लोकांना हवं असतं. पण अलीकडेच एका व्याख्यानानंतर एक वडील थांबून राहिले. मुलगा मार्च २०२० मध्ये सातवीत होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये शाळा उघडली तेव्हा नववीत. आता कॉलेजात चारचौघांत बोलायची वेळ आली की त्याला घाम फुटतो. “मॅडम, हे कायमचं आहे का?” उभ्या उभ्या देण्यासारखं ते उत्तर नव्हतं.

माझं काम पांढऱ्या उंदरांवर. पिल्लू साधारण एकविसाव्या दिवशी आईपासून वेगळं करतात. पुढचे दोन-तीन आठवडे त्यांची दंगामस्ती ऐन भरात असते: एक जण दुसऱ्याच्या मानेत नाक खुपसतो, दुसरा उताणा पडतो, क्षणात डाव उलटतो. नेमकं याच वयात पिल्लाला एकटं ठेवलं, तर पुढे आक्रमक नर अंगावर आला असता निपचित पडून जीव वाचवायचं त्याला सुचत नाही.

भीती मोजायला अधिक-चिन्हाच्या आकाराचा उंच मार्ग असतो. दोन बाजूंना भिंती, दोन उघड्या. घाबरलेला उंदीर मागचे पाय भिंतीआड ठेवतो आणि अंग ताणून बाहेर हुंगतो. मात्र एकटे वाढलेले उंदीर नव्या जागी नुसते धावत सुटतात, त्यामुळे उघड्यावर गेला म्हणजे धीट, असं धरता येत नाही. निष्कर्ष प्रयोगशाळेगणिक बदलतात. बातमीत हे कधीच येत नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते डोरोथी आयनन आणि सहकाऱ्यांचं १९७८ चं काम. एकट्या पिल्लाला रोज फक्त तासभर खेळायला मिळालं तरी बराचसा दुष्परिणाम टळला. औषध देऊन खेळ थांबवलेला सोबती दिला, तेव्हा मात्र टळला नाही. म्हणजे उणीव सहवासाची नव्हती, झटापटीची होती. “घरात आम्ही सगळे होतो की,” असं पालक म्हणतात तेव्हा मला हाच प्रयोग आठवतो.

२०१२ मध्ये माकिनोदान यांच्या गटाने लहान जातीच्या उंदरांत दाखवलं, की त्या दोन आठवड्यांच्या एकांतानंतर मेंदूच्या पुढच्या भागातलं मज्जातंतूंवरचं आवरण पातळ राहतं. नंतर सोबत देऊनही ते भरून येत नाही. हे वाचून पालक हादरतात. पण उंदराचे ते दोन आठवडे म्हणजे माणसाची अनेक वर्षं, आणि आपली मुलं पिंजऱ्यात एकटी नव्हती. ‘कायमचं’ हा शब्द या पुराव्यावर मी वापरणार नाही.

मला राग येतो तो नंतरच्या वागण्याचा. २०२१ मध्ये मुलांच्या हाती आपण सेतू अभ्यासक्रम दिला. बुडालेल्या खेळाचा हिशेब कुणी मांडला नाही. आजही दहावीच्या वर्गाचा पीटीचा तास गणिताला दिला जातो, आणि त्याबद्दल पालकसभेत शाळेचे आभार मानले जातात.