वैलाची जागा

बिल्ट-इन मायक्रोवेव्ह बघायला गेलं की दुकानात आधी किती लिटरचा हवा ते विचारतात, मग बजेट, मग काच काळी हवी की स्टीलचा काठ हवा. माझ्या मते पहिला प्रश्न असा असायला हवा की तुमच्या घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं? ते माणूस उंच आहे की ठेंगणं, त्याला बारीक अक्षर दिसतं का, रात्री दिवा न लावता त्याचा हात कुठवर पोचतो? यंत्र त्या माणसाच्या मापानं बसलं पाहिजे. लिटर, काच, काठ सगळं त्यामागून.

कराडजवळच्या आमच्या गावी आजीची चूल होती. पिवळी माती, शेण आणि तूस कालवून तिनं ती स्वतः घातलेली. चुलीला लागून डाव्या अंगाला वैल. वैलाला स्वतःचं जळण नसतं. चुलीतला जाळ आतल्या भोकातून तिकडं वळतो, त्यामुळे इकडं भाकऱ्या होईपर्यंत तिकडं आमटी रटरटत राहते. आणि जळण ओढून घेतलं तरी आत ढकललेल्या निखाऱ्यांच्या धगीवर ती पुढं कितीतरी वेळ ऊन राहते. आजोबा रानातून पाणी पाजून उशिरा यायचे. आजी पाटावरून न उठता नुसता हात लांब करून वैलावरचं पातेलं ओढायची. चुलीपासून वैल किती लांब, भोक किती मोठं, कड किती उंच, हे सगळं तिच्या बसण्याच्या मापानं ठरलं होतं. माझी थोरली चुलती अंगानं उंच. तिनं वेगळी झाल्यावर आपली चूल घातली ती आजीच्या चुलीपेक्षा दोन बोटं वर. कुणी कुणाला विचारलं नाही, मोजपट्टी आणली नाही. ज्या बाईनं तिथं बसायचं, तिच्या हातानं आपलं माप घेतलं.

पुढं वडील एस. टी.त वाहक म्हणून लागले आणि आम्ही साताऱ्यात दोन खोल्यांत आलो. तिथं चूल नव्हती, पंपाचा स्टोव्ह होता. रात्रीची शेवटची गाडी डेपोत लागल्यावर कॅश भरून वडील घरी यायचे तेव्हा आम्ही भावंडं गाढ झोपेत असायचो. आई काकडा स्पिरिटमध्ये बुडवून बर्नरला अडकवायची, पेटवायची, तो विझत आला की पंप मारायची. मधेच छिद्र तुंबलं तर पिन. मग तो स्टोव्ह असा भरारायचा की धाकटा भाऊ हमखास रडत उठायचा. चार घास ऊन करण्यासाठी एवढा खटाटोप. शेवटी आईनं भाताचं पातेलं घोंगडीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवायला सुरुवात केली. भात राहायचा कोमट. आमटी वडील गारच ओतून घ्यायचे. ते कधी काही बोलले नाहीत, पण आईला ते लागायचं. गावी असते तर वैलावर राहिली असती, असं ती आजही म्हणते.

नंबर लागून गॅस आला आणि घरात आनंदीआनंद झाला. धूर गेला, काजळी गेली, रॉकेलची रांग गेली. मात्र गॅसला निखारा नसतो. बंद केला की क्षणात सगळं थंड. पेटवून कुणीतरी समोर उभं राहायला हवं, नाहीतर वाटीभर आमटी डोळ्यांदेखत बुडाला लागते. वैलाचं काम पुन्हा आईच्या जागरणावर आलं.

ओव्हन नावाची वस्तू तर आमच्यासारख्यांच्या घरात नव्हतीच. दिवाळीच्या आधी रवा, मैदा, पिठीसाखर आणि वनस्पती तूप डब्यांत भरून आई आम्हाला घेऊन बेकरीत जायची. रांगेत बसून नानकटाई वळायची, बेकरीवाल्यानं दिलेल्या काळ्या पत्र्यांवर मांडायची, आणि भट्टीतून निघाली की गरम डबा पोटाशी धरून घरी यायचं. भट्टी ही बेकरीची, घरात तिचं काय काम, असंच मनात पक्कं होतं. मायक्रोवेव्हबद्दल पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणूनच तो केक करायचा डबा असेल असं वाटलं, आणि माझ्या ओळखीच्या बहुतेक बायकांना तसंच वाटलं होतं.

या यंत्राचा जन्म स्वयंपाकघरात झालेला नाही. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी लागणारा मॅग्नेट्रॉन 1940 मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट या दोघांनी सुधारून तयार केला. अमेरिकेत रेथिऑन कंपनी त्याचं उत्पादन करत होती. तिथल्या पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातलं चॉकलेट चालू मॅग्नेट्रॉनजवळ वितळलं, आणि 1945 मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. 1947 साली बाजारात आलेला ‘रडारेंज’ माणसाच्या उंचीचा होता आणि वजनाला सुमारे 340 किलो. घरासाठीचा पहिला मायक्रोवेव्ह टॅपन कंपनीनं 1955 साली काढला, किंमत 1,295 डॉलर, आणि तो भिंतीत बसवायचा होता. ओट्यावर सुटा ठेवता येईल असा अमानाचा मायक्रोवेव्ह आला 1967 मध्ये, 495 डॉलरला. म्हणजे घरात शिरताना हे यंत्र भिंतीतूनच शिरलं, मग ओट्यावर आलं, आणि आता पुन्हा भिंतीत चाललं आहे.

आमच्याकडे पुण्यात पहिला मायक्रोवेव्ह आला तेव्हा माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. काही महिने तो क्रोशाचा रुमाल अंगावर घेऊन बसला होता. घरातली सगळी पातेली स्टीलची. आणि स्टीलच्या भांड्यात लहरी शिरत नाहीत, धातूवरून मागं फिरतात. काचेचे वाडगे आणले तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. ह्यांची तेव्हा भोसरीच्या कारखान्यात दुसरी पाळी असायची. घरी यायला मध्यरात्र उलटायची. मी वाडग्यात आमटी, ताटलीत भाजी काढून आत ठेवून झोपून जायची. ते येऊन दीड मिनिटात जेवायला बसायचे. ना स्टोव्हचा आवाज, ना कुणाची झोपमोड. आई तेव्हा आमच्याकडे आली होती. सकाळी उठल्यावर तिनं विचारलं, रात्री जावईबापूंना कुणी वाढलं? मी सांगितलं तशी ती त्या डब्यापाशी गेली, दार उघडून आत बघितलं आणि म्हणाली, “हा तर वैल आहे.”

तिचं म्हणणं मला तेव्हाच पटलं आणि अजूनही पटतं. आपल्या घरांत मायक्रोवेव्हनं भट्टीची जागा घेतली नाही, वैलाची घेतली. शेंगदाणे भाजणं, उडदाचा पापड, घाईच्या सुरळीच्या वड्या ही त्याची वरकड कामं. खरं काम मागून येणाऱ्याला ऊन अन्न देण्याचं.

या वर्षी ओट्याचा कडप्पा निघाला आणि नवीन स्वयंपाकघर करायचं ठरलं. वडील गेल्यापासून आई आमच्याकडेच असते. गोळ्यांच्या वेळा सांभाळत ती थोडं थोडं, अवेळी खाते. तेव्हा शेवटी जेवणारं माणूस आता तीच. उंची 4 फूट 10 इंच, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, उजवा खांदा पूर्ण वर जात नाही.

मॉड्युलरवाल्यांनी जे चित्र काढून दिलं त्यात फ्रीजशेजारी एक टॉल युनिट, त्यात खाली मोठा ओव्हन आणि त्याच्या डोक्यावर मायक्रोवेव्ह. दिसायला देखणं. पण त्यात मायक्रोवेव्हचा तळ जमिनीपासून 52 इंचांवर येत होता, म्हणजे आईच्या जवळजवळ हनुवटीपाशी. उकळतं दूध तिनं तिथून खाली उतरवायचं? न्यू जर्सीत माझ्या नणंदेकडे तर मायक्रोवेव्ह शेगडीच्या थेट वर टांगलेला असतो, तिथल्या घरांत ही सर्रास पद्धत आहे, आणि तीही चवड्यांवर उभी राहून वाडगा काढते. मला हे बघवत नाही. गरम भांडं खांद्याच्या वरून कधीच येऊ नये. ते कोपराच्या उंचीवर, छातीशी धरून बाहेर यावं.

ठरावीक मापाचं बांधीव स्वयंपाकघर ही कल्पना तशी जुनी. 1926 साली मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या वास्तुकार बाईंनी फ्रँकफर्टमधल्या नव्या घरांसाठी 1.9 मीटर बाय 3.4 मीटरचं स्वयंपाकघर आखलं. घड्याळ लावून कामाच्या वेळा आणि फेऱ्या मोजल्या, आणि तसली सुमारे 10,000 स्वयंपाकघरं तिथं उभी राहिली. बायकांचे कष्ट वाचावेत हाच त्यामागचा हेतू होता, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. फक्त दहा हजार घरांना एक माप लावलं की त्यात माझी ठेंगणी आई बसेलच असं नाही. तिथं पुन्हा हातानं माप घ्यावं लागतं.

दाराचाही असाच विचार करावा लागला. मायक्रोवेव्हचं आडवं उघडणारं दार जवळजवळ नेहमीच डावीकडे वळतं. मग वाडगा टेकवायची जागा उजवीकडे हवी. आमच्या चित्रात टॉल युनिट ओट्याच्या उजव्या टोकाला होतं, म्हणजे दार उघडलं की ते नेमकं यंत्र आणि ओटा यांच्या मधे येणार, आणि आईला भाजणारा वाडगा दाराला वळसा घालून न्यावा लागणार. खाली उघडणारं दार हा दुसरा पर्याय. त्यात मात्र उघड्या दारावरून ओणवं होऊन आत हात घालायचा, आणि ठेंगण्या माणसाला ते आणखी लांब पडतं. मी युनिटच उचलून ओट्याच्या डाव्या टोकाला नेलं. मॉड्युलरवाल्यांना ते आवडलं नाही, कारण फ्रीजची रेषा मोडली. मोडू दे.

मग कट-आउटचं माप. कंपनीच्या कागदावर सगळं मिलिमीटरमध्ये, आणि आमचे सुतारमामा इंच-सुताचे. युरोपीय धाटणीच्या बऱ्याच यंत्रांना रुंदी 560 ते 568 मिलिमीटर लागते आणि उंची 362 ते 382. मामांनी कानामागची पेन्सिल काढून प्लायच्या तुकड्यावर हिशेब मांडला: रुंदी 22 इंचांच्या वर फार तर 3 सूत, उंची 14 इंच 2 सुतांपासून 15 इंचांपर्यंत. “ताई, ह्यात सुताचासुद्धा खेळ नाही. प्लायला लॅमिनेट चढलं की तेवढंच आत येतंय,” ते म्हणाले. लॅमिनेटची जाडी धरून माप घेणारा सुतार मिळणं हे यंत्राच्या ब्रँडपेक्षा महत्त्वाचं, हे मी कुणालाही सांगेन.

माझ्या जावेकडे साधा ओट्यावरचा मायक्रोवेव्ह कपाटात चहूबाजूंनी घट्ट बसवून दिला होता. दहा-बारा मिनिटं सलग चालला की आपोआप बंद पडायचा. यंत्रात काही बिघाड नव्हता. गरम हवेला वाट नव्हती, म्हणून आतला उष्णतेचा कट-आउट त्याला थांबवत होता. बिल्ट-इन म्हणून घडवलेल्या यंत्राची हवा कुठून आत येते आणि कुठून बाहेर पडते ते त्याच्या कागदावर काढलेलं असतं, आणि त्यानुसार कपाटाची मागची फळी उघडी सोडायची असते. सॉकेट 16 अँपियरचं, आणि तेही यंत्राच्या पाठीमागं नको, शेजारच्या खणात हवं, म्हणजे अडीनडीला बटण बंद करायला अख्खं धूड ओढून काढावं लागत नाही.

कन्व्हेक्शन मी घेतलं नाही. त्याची धग कपाटात वाढते, वीज जास्त लागते आणि बिघडायला आणखी एक भाग होतो. नानकटाईसाठी छोटा ओव्हन वेगळा ठेवता येईल. त्याऐवजी इन्व्हर्टर घेतला. साध्या यंत्राला निम्मी शक्ती सांगितली तर ते पूर्ण जोरात चालतं, थांबतं, पुन्हा पूर्ण जोरात चालतं; कान दिला तर हुंकार चालू-बंद होताना ऐकू येतो. इन्व्हर्टर खरोखरच जोर कमी करतो. आईची मऊ खिचडी अशा मंद जोरावर नीट तापते, कारण लहरी वरच्या दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच जोमानं काम करतात आणि मधल्या गोळ्यापर्यंत ऊब सावकाश झिरपावी लागते. आणि बटणं? बहुतेक बिल्ट-इनना काळ्या काचेवर पुसट पांढरी अक्षरं. आईला ती दिसत नाहीत, आणि बोट लागलं की नाही ते कळतही नाही. फिरवायच्या दोन मुठींचा एक नग सापडला. कडक आवाज करत फिरतात, हाताला कळतं. लिटर थोडे कमी मिळाले, चालेल.

मामा सिलिकॉन लावून चौकट पक्की करायला निघाले होते, ते मी थांबवलं. यंत्र कधीतरी बंद पडणार, आणि तोवर त्या मापाचं मॉडेल निघत असेल याची खात्री कोण देणार? आजीची चूल फुटली की मातीत पाणी घालून दुसरी घातली जायची. प्लायला तसं करता येत नाही. म्हणून चौकट स्क्रूवर, आणि खालची फळी दोन इंच वर-खाली सरकवता येईल अशी.

उंची ठरवायच्या दिवशी मामांनी आईला युनिटसमोर उभं केलं. “आजी, हातात पाण्यानं भरलेला वाडगा धरा. न सांडता कुठवर जातोय बघू.” आईनं दोन्ही हातांनी वाडगा पुढं केला, थोडा वर नेला, पुन्हा खाली आणला. मामांनी रेघ मारली आणि पट्टी लावली: जमिनीपासून 36 इंच, ओट्याच्या जेमतेम दोन इंच वर.

“जावईबापूंना मात्र वाकावं लागेल,” आई म्हणाली.

“वाकतील,” मी म्हटलं, आणि मामांना सॉकेटचा पॉइंट त्या हिशेबानं खाली घ्यायला सांगितला.