धानाच्या खोलीतली पेटी

ग्रँड पियानो घरात बाळगणारे गृहस्थ भंडारा जिल्ह्यात असतीलच, तर त्यांच्या दर्शनाचा योग मला अद्याप आलेला नाही. आमच्याकडे स्वरवाद्य म्हणजे पेटी. संवादिनी हे तिचे भारदस्त नाव निमंत्रणपत्रिकेवर तेवढे छापले जाते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी ज्या विदर्भात घुमली, त्या विदर्भातल्या गावोगावच्या भजनमंडळांत खंजिरीच्या शेजारी बसून जिने सगळ्यांचे बेसूर निमूटपणे झाकले, अशी ही सोशिक वस्तू. अशाच एका मंडळाची पेटी पन्नासेक वर्षे सांभाळलेल्या एका वृद्ध गुरुजींची बोटे थकण्यापूर्वी त्यांचे वादन ध्वनिमुद्रित करून ठेवावे, असे माझ्या मनाने घेतले, आणि नागपूरच्या स्टुडिओत येण्यास त्यांनी साफ नकार दिल्यामुळे हे काम घरीच करणे मला भाग पडले.

पहिला प्रयत्न मी घरातल्या सर्वांत नव्या खोलीत केला. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, वर सिमेंटचा स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी, दारे-खिडक्या घट्ट मिटणाऱ्या. बाहेरचा आवाज आत येणार नाही, एवढाच हिशेब मी केला होता, आतला आवाज जाणार कोठे याचा केला नव्हता. मायक्रोफोन पेटीपासून वीतभर अंतरावर ठेवला, कारण जितके जवळ तितके स्पष्ट, अशी माझी त्या वेळी भाबडी समजूत होती. नंतर ऐकले तेव्हा गुरुजींचा यमन एखाद्या रांजणात बसून वाजवल्यासारखा घुमत होता, आणि त्या घुमाऱ्यावर पट्ट्यांची टकटक व भात्याचा सुस्कारा यांनी स्वतःची स्वतंत्र मैफल मांडली होती.

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये दहा फुटांचे अंतर असेल, तर सेकंदाला सुमारे ५६ कंपनांचा नाद आणि त्याच्या पटीतले नाद त्या भिंतींमध्ये अडकून पडतात. लांबी आणि रुंदी सारखीच असली म्हणजे दोन्ही जोड्या नेमक्या त्याच स्वरांची साठेबाजी करतात, आणि खर्जाचे काही सूर उगाच फुगतात, तर त्यांच्या शेजारचे सूर दुबळे वाटतात. आपला कान या खोलीत बसून हे सारे ऐकत असतोच, पण तो मोठा मुत्सद्दी आहे. जे नको ते तो मेंदूच्या संमतीने दप्तरी दाखल करून मोकळा होतो. मायक्रोफोनला अशी मुभा नाही. तो प्रामाणिक कारकुनाप्रमाणे समोर आलेली प्रत्येक बाब रुजू करून घेतो, पंखा, डास आणि शेजारच्या कुकरची शिट्टी यांसह.

तेव्हा बिऱ्हाड हलवणे आले. आमच्या घराचा मागचा भाग मालगुजारी काळातला: जाड मातीच्या भिंती, वर कवेलू, खाली सारवलेली जमीन. कार्तिकात धान निघाले की पोती (आमच्याकडे त्यांना कट्टे म्हणतात) तेथे भिंतीला लागून रचली जातात. त्या खोलीत टाळी वाजवून पाहिली, तर आवाज उठला आणि पोत्यांच्या फटींत शिरून तेथेच निवला. तागाचा खडबडीत पृष्ठभाग आणि आतले दाणे मिळून पुष्कळसा नाद गिळतात, आणि जो उरतो तो वेड्यावाकड्या रचनेमुळे चहूकडे विखुरला जातो. शहरातील लोक स्पंजाचे महागडे तुकडे भिंतीला चिकटवून हेच साधू पाहतात. मला ते आधारभूत धान खरेदी केंद्राचा काटा लागेपर्यंत फुकट लाभले.

राहिला प्रश्न मायक्रोफोनच्या जागेचा. पेटीचा सूर पट्ट्यांतून निघत नाही; तो आत बसवलेल्या पितळी जिभांच्या कंपनातून जन्मतो आणि वरच्या फळीतून बाहेर पडतो, हे ठाऊक असूनही आपण समोरच मायक्रोफोन रोवतो. पियानोचे झाकण किती उघडावे यावर पाश्चात्त्य देशांतले तंत्रज्ञ जितका खल करतात, तितकाच पेटीच्या झाकणाबाबत करणे वाजवी आहे. जागा शोधण्याची माझी रीत मात्र अगदी गावठी आहे. मायक्रोफोन एककर्णी प्राणी असल्यामुळे मीही एका कानात बोट घालायचे, दुसरा कान पुढे करून वाजत्या पेटीभोवती ओणव्याने फिरायचे, आणि जेथे खर्ज व तार एकमेकांना न दाबता ऐकू येतील तेथे थांबायचे. माझे हे प्रदक्षिणाव्रत पाहून गुरुजींनी भाता थांबवला आणि विचारले, “काहून रे बापू, उंदीर शोधून राहिला का?” ती जागा अखेर पेटीच्या वर दोन-अडीच फुटांवर, वादकाच्या उजव्या खांद्याच्या रेषेत सापडली, तेथून टकटक मागे पडली आणि सुरांना हवा मिळाली.

ध्वनिमुद्रणाच्या आरंभकाळी अंतर हेच एकमेव साधन होते, हे येथे आठवते. १९०२ साली फ्रेडरिक गायसबर्गने कलकत्त्याच्या एका हॉटेलातल्या खोलीत गौहरजानचे गाणे मुद्रित केले, तेव्हा मायक्रोफोन नव्हताच. एक कर्णा होता, आणि कोणी किती जवळ किंवा दूर बसावे यावरच सारा तोल अवलंबून होता. आज मोबाईलमध्ये आवाजाची पातळी आपोआप सांभाळण्याची सोय असते, आणि ती सोय हा मुद्रणातला पहिला शत्रू समजावा. वादक क्षणभर थांबला की ती बिचारी काहीतरी ऐकण्यासाठी कान टवकारते आणि शांततेतून विजेची गुणगुण उपसून आणते. ती बंद करावी, चार्जर काढून ठेवावा, आणि सर्वांत मोठा सूरसुद्धा मर्यादेच्या बराच खाली राहील अशी पातळी मुक्रर करावी. कमी आवाज पुढे वाढवता येतो. एकदा फाटलेला सूर सांधता येत नाही.

इतके सारे करूनही एक दोष उरला. काळी दोनच्या पट्टीत मंद्र सप्तकातला धैवत लागला की एक बारीक, खरखरीत झंकार उमटे. मी आधी तारेवर, मग मायक्रोफोनवर आणि शेवटी पेटीवर संशय घेतला. पालिताण्याचे सूर बसवलेली ती पेटी उघडून, जिभेखाली कचरा अडकला असेल म्हणून कागदाची पट्टी फिरवून पाहिली. दोन दिवस असे वाया गेल्यावर माझ्या पत्नीने, काही एक न बोलता, धैवत वाजत असताना फडताळावर तळहात ठेवला, आणि झंकार थांबला. “अहो, पेटीले काहून दोष देता? गुंडावरची झाकणी वाजते ना!”

भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध. आमच्याही फडताळावर सासूबाईंच्या काळचा एक रिकामा गुंड होता. अरुंद तोंडाच्या पोकळ भांड्याला स्वतःचा एक सूर असतो आणि तो सूर जवळपास वाजला की भांडे त्याला ओ देते, एवढे शाळेत शिकलो होतो. परंतु पेटीच्या पितळाला फडताळावरचे पितळ असे भाऊबंदकीने उत्तर देईल, हे पुस्तकात नव्हते. तजवीज सोपी होती. गुंडात पायली भरून धान ओतले, झाकणीखाली फडक्याची घडी घातली, आणि धैवत निर्मळ झाला.

पेटीवर तक्रारी काही थोड्या झालेल्या नाहीत. तिचे सूर ठोकळेबाज, तिला मींड नाही, असे आक्षेप घेऊन १९४० साली आकाशवाणीने तिला बंदी केली, आणि ती अंशतः उठायला १९७१ साल उजाडले. गोविंदराव टेंब्यांसारखा वादक ज्या वाद्यावर झाला, त्याला सरकारी हुकुमाने गप्प बसवावे हे मला कधीच पटले नाही. पण ठोकळेबाज सुरांचा आक्षेप खरा आहे, आणि स्वच्छ मुद्रणात तो अधिकच उघडा पडतो. गुरुजींनी स्वतःचा मुद्रित मारवा ऐकून एवढेच म्हटले की, “ऋषभ चढला वाटते, इतकी वर्षं भजनाच्या गर्दीत समजलं नाही.” तो चढलेला ऋषभ पेटीचा होता, त्यांचा नव्हता, तरी त्यांनी तो पुन्हा वाजवला नाही.

हे काम हिवाळ्यातच करावे लागते. उन्हाळ्यात कूलरशिवाय बसवत नाही आणि कूलरसह मुद्रण होत नाही. पावसाळ्यात कवेलूंवर सरींचा ताशा, शिवाय लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. पौषातल्या पहाटे खोलीत श्वासही ऐकू यावा अशी निरवता असते, मात्र जमिनीलगतची थंड हवा दूरचे आवाज वाकवून खाली आणते, आणि मग दिवसा कधी न जाणवणारी वरठीकडची मालगाडी नेमकी आलापाच्या मध्यावर येऊन जाते. दोन मुद्रणांत तिचा भोंगा आहे. काढून टाकण्याचा प्रयत्न केला, पण त्याबरोबर निषादही जाऊ लागला, म्हणून राहू दिला.

माघात धान खरेदी केंद्रावर जाऊ लागले. अर्ध्या रिकाम्या खोलीत सहज टाळी वाजवली, तर ती दोनदा परत आली. गुरुजींचा भैरव अजून बाकी होता. पुढच्या ट्रॅक्टरच्या वेळी मी दहा कट्टे मागे ठेवायला सांगितले. हमालाने कारण विचारले नाही. पत्नीने विचारले, आणि उत्तर ऐकून बियाण्याचे म्हणून त्यांची वेगळी नोंद केली.