कोरडा नळ

परवा नातवाने लॅपटॉपवर चॅप्लिनचा ‘मॉडर्न टाइम्स’ (१९३६) दाखवला. ट्रकवरून लाल बावटा खाली पडतो. तो परत द्यावा म्हणून हा बिचारा बावटा हलवत पळतो, तर मागून नेमका बेकारांचा मोर्चा येतो आणि पोलीस यालाच पुढारी समजून धरतात. अमेरिकेत मंदीचे दिवस होते ते. सगळं सांगून झालं, तोंडातून शब्द नाही.

नातू हसून लोळला. मी मात्र आमच्या लोणीच्या शाळेत जाऊन पोचलो.

आंबेगावचा हा पूर्व भाग पाण्याला कायम तरसलेला. १९८६ च्या स्नेहसंमेलनात मुलांनी एक छोटा वग बसवला. वगात दरबार राजाचा असला, तरी सोंगाड्याला वाट्टेल ते बोलायची मुभा. हे आमच्याकडे शिकवावं लागत नाही. जत्रेला तमाशा असतोच, आणि तमाशाचं नारायणगाव तरी किती लांब! शिवाय दादा कोंडके होतेच. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये (१९६५) गोष्ट राजाची, पण दादांचे चिमटे त्या त्या वेळच्या मंत्र्यांना.

मुलांनी गावच्या नव्या नळावर लिहिलं होतं. उद्घाटन झालं, पाणी तेवढं राहिलं. पहिल्या रांगेत कोण बसणार हे मला ठाऊक होतं. शाळेची एक खोली मंजूर व्हायची होती. मी लाल पेनाने आठ ओळी खोडल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी सातवीतला सोंगाड्या नाडी लोंबवत, डोक्यावर घागर घेऊन आला. एका मुलाला नळ म्हणून उभं केलं. त्याला हार घातला, नारळ फोडल्याची नक्कल केली, तोटी पिरगाळली, कान लावला. मग घागरीतलं होतं नव्हतं ते पाणी ओंजळीने त्या नळालाच पाजलं! आणि सांडलेल्या पाण्यावरून घसरून धाडकन उताणा. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. पहिली रांगही हसली. न हसून सांगणार कोणाला?

नंतर मी त्याला बोलावलं. “हे मला दाखवलं नव्हतंस.”

“गुरुजी, तुम्ही बोलायचं खोडलं. पडायचं कुठं खोडलं?”

शाबासकी द्यायची राहूनच गेली. आता तो पन्नाशीच्या पुढे असेल. हे वाचत असलास तर बाळा, ती वही माझ्याकडे आहे, लाल रेघांसकट. येऊन घेऊन जा.