बेवारस

पंचनाम्यातला ‘बेवारस’ हा शब्द मी लहानपणापासून ऐकतोय. तो एका जहाजालाही लागला.

र्‍यो-उन मारू. जपानी मच्छीमार जहाज, दीडशे फुटांहून लांब. हाचिनोहे बंदरात भंगारात निघायची वाट बघत उभं. ११ मार्च २०११ ला त्सुनामी आली नि त्याला ओढून घेऊन गेली. ना कप्तान, ना खलाशी, ना दिवा. वर्षभर पॅसिफिकमधून एकटं वाहत गेलं. मार्च २०१२ मध्ये कॅनडाच्या विमानाला दिसलं. ५ एप्रिलला अलास्काच्या आखातात अमेरिकन तटरक्षकांनी तोफा डागून बुडवलं. दुसऱ्या जहाजावर आदळेल, तेल सांडेल, ही भीती. भीती खोटी नव्हती.

पण दोस्तहो, मला सलतं ते वेगळंच. गंजल्या लोखंडाचा नंबर वाचून मालक सापडला. त्याच आपत्तीतली अडीच हजारांवर माणसं अजून बेपत्ता आहेत. जहाजाला बुडाल्याची तारीख आहे, जागा आहे. या माणसांना दोन्ही नाही.

तरी त्यांना बेवारस म्हणू नका. त्यांचे वारस वर्षानुवर्षं किनाऱ्याची वाळू उपसत राहिले. एखादं हाड तरी हाती लागावं म्हणून.