सोमवारचं पान

सकाळी राजपत्र, शासन निर्णय आणि वर्तमानपत्रं चाळून नगरपालिकेच्या खात्यांसाठी कामाच्या नोंदींचं पान काढलं. पाणीपुरवठ्याचं वेगळं, आरोग्याचं वेगळं. सगळ्यांना सगळंच धाडलं की कुणीच वाचत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

एकदा एका टिपणीत घनकचऱ्याचे २००० सालचे नियम आले होते. २०१६ चे नवे लागू होऊन वर्ष उलटलं होतं. तेव्हापासून हा खटाटोप. वाचकाचा वेळ वाचवा, असं ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन १९३१ मध्येच सांगून गेले. इथल्या वाचकाकडे मुळात वेळ असतो कुठे!

आज मात्र स्वच्छता निरीक्षक दारातूनच म्हणाले, “मॅडम, पानावरचा तिसरा निर्णय अख्खा द्या ना.” शोधता शोधता चहा गार झाला.