वाडीतले लोक

"जपान बौद्ध देश आहे, म्हणजे तिकडे जात नसणार ना?"

लोधिवलीला परत आल्यापासून हा प्रश्न आम्हाला किमान वीस जणांनी विचारला असेल. विहारात वंदना झाल्यावर, चौकला चहाच्या टपरीवर, वर्षावासात ग्रंथवाचनाला बसलेल्या पोरांनी. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर अशी आशा असते की 'हो' म्हणून विषय संपवावा असं वाटतं. पण तसं केलं तर आपल्याच पोरांना फसवल्यासारखं होईल. म्हणून हा लेख, आणि तो लांबला तर कार्यकर्त्यांनी सांभाळून घ्यावं.

जोडीदाराच्या नोकरीमुळे आम्ही वर्षभर टोकियोत होतो. एदोगावा वॉर्डातला निशी-कासाई हा भाग. तिथे इतके भारतीय राहतात की काही जण त्याला छोटा भारतच म्हणतात. २०१९ साली याच वॉर्डाच्या परिषदेवर योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस निवडून आला. सुरुवातीचे महिने आम्हाला ना भाषा येत होती, ना काम होतं. मग आम्ही चाललो. रोज दोन-तीन तास, नकाशा न उघडता.

चालण्याची सवय मुळातली. खालापूर-कर्जत भागात समाजकार्य करायचं तर फाट्यावर उतरून चालावंच लागतं. नव्या गावात शिरलं की आम्ही आधी कुणाशी बोलत नाही, रस्ता बघतो. डांबर कुठे संपतं? तिथून पुढे सिमेंटचा तुकडा, मग खडी, मग पायवाट. पायवाटेच्या टोकाला ठाकूरवाडी किंवा कातकरवाडी. गावाच्या एका अंगाला पंचशील ध्वज दिसला की तो बौद्धवाडा. मंदिर कुठे, पाण्याची टाकी कुठे, ग्रामपंचायतीचं ऑफिस कुणाच्या आळीत, हे एका फेरीत कळतं. समाजशास्त्राच्या एमएला जे दोन वर्षं वाचलं ते इथे अर्ध्या तासात पायाखालून जातं. आणि मग कुणीतरी ओट्यावरून हाक मारतोच, "कुणीकडचे? कुठल्या वाडीतले?" या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुढचं सगळं बोलणं ठरतं. पाणी तांब्यातून मिळणार की नुसतंच 'बसा' म्हणणार, तेही.

हेच डोळे घेऊन आम्ही निशी-कासाईत फिरलो. खरं सांगायचं तर पहिले पंधरा दिवस आम्ही डांबर कुठे संपतं तेच शोधत होतो. ते संपेना. आराकावा नदीच्या बंधाऱ्यापर्यंत गेलो, तरी तोच रस्ता, तोच फुटपाथ, तेच दिवे. तिथे बहुतेक रस्त्यांना नावंच नसतात. पत्ता म्हणजे विभागाचं नाव आणि पुढे आकडे: अमुक भाग, अमुक गट, अमुक घर. त्या आकड्यांवरून माणसाबद्दल काही कळायला मार्ग नाही. सहा-सात वर्षांची मुलं पिवळ्या टोप्या घालून एकटी शाळेत चालत जातात. संध्याकाळी भोंग्यावर एक धून वाजते आणि तीच मुलं मैदानातून घरी निघतात. आमच्या लोधिवलीत जुना मुंबई-पुणे हायवे ओलांडायचा तर मोठी माणसंही ट्रकच्या रांगेकडे बघत दहा मिनिटं उभी असतात.

त्या पंधरा दिवसांत आम्हाला कुणीही काही विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही एखाद्या वस्तीतून असे गेलो की वस्ती आमच्याकडे बघत नव्हती. हे सुख खोटं नव्हतं आणि ते आम्ही नाकारणार नाही. जातीच्या नजरेखाली वाढलेल्या माणसाला कुणी न बघणं म्हणजे काय असतं, ते ज्यांना कधी कुणी तसं बघितलंच नाही त्यांना सांगून कळायचं नाही.

पण हे सुख लवकरच चिरलं, आणि पहिली चीर आपल्याच भाषेत पडली. बागेतल्या बाकड्यावर एक मराठी कुटुंब भेटलं. छान बोलले, थालीपीठ दिलं. "कुठले तुम्ही?" "रायगड, खालापूर." "अरे वा! आडनाव काय म्हणालात?" आम्ही म्हणालो नव्हतो. मग म्हणालो. त्यानंतर थालीपीठ तेच राहिलं, पण बोलणं हवामानावर गेलं. पुन्हा बागेत दिसले तेव्हा त्यांना नेमकी घाई होती. सामानाचं वजन विमानतळावर मोजतात, हे सामान मोजायचा काटा कुठेच नाही.

दुसरी चीर घर शोधताना. एजंट आमच्यासमोर घरमालकांना फोन लावायचा, आणि त्याच्या बोलण्यात 'परदेशी' हा शब्द आला की आम्हाला उत्तर आधीच कळायचं. जपानच्या न्याय मंत्रालयाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी सुमारे ३९ टक्के लोकांनी सांगितलं होतं की परदेशी असल्यामुळे आपल्याला घर नाकारलं गेलं. मुंबई-पुण्यात आडनावावरून घर नाकारलेले आपले किती मित्र आहेत, ते वाचकांना ठाऊक आहे. शेवटी आम्हाला सरकारी गृहसंस्थेच्या वसाहतीत घर मिळालं. तिथे जामीनदार मागत नाहीत, म्हणूनच निशी-कासाईतले कितीतरी भारतीय अशा वसाहतींत आहेत.

तरी इथपर्यंत आमची समजूत अशी होती की हे परकेपणाचं आहे. जपानी माणसं आपसांत समान आहेत आणि आपण बाहेरचे.

ही समजूत मोडली ती वॉर्डातल्या मोफत जपानी वर्गात. शिकवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका. एके दिवशी म्हणाल्या, तुमच्या गावाचं चित्र काढा आणि त्याबद्दल जपानीत सांगा. आम्ही हायवे काढला, मोठं हॉस्पिटल काढलं, मंदिर, शाळा, मागे इर्शाळगडाचा सुळका. मग जरा अंतर ठेवून वाड्या काढल्या. बाईंनी विचारलं, ही घरं लांब का? आमची जपानी तिथे संपली. मोडकंतोडकं सांगितलं की आमच्याकडे कोण कुठे राहणार हे जन्मावर ठरतं. बाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी वहीच्या कोपऱ्यात दोन अक्षरं लिहिली, आवाज खाली आणून वाचली आणि लगेच पान उलटलं.

बुराकू.

या शब्दाचा साधा अर्थ वाडी. वस्ती. त्याला 'मिन' जोडलं की 'वाडीतले लोक'. आम्ही घरी येऊन तो अर्थ वाचला तेव्हा दोघंही काही वेळ बोललो नाही. सहा हजार किलोमीटर चालत आल्यासारखं करून आपण पुन्हा त्याच ओट्यासमोर उभे होतो: कुठल्या वाडीतले?

जनावरं कापणं, कातडी कमावणं, मेलेल्यांचं काम करणं. ही कामं ज्यांच्या वाट्याला आली त्यांना जपानने अपवित्र ठरवलं आणि वेगळ्या वस्त्यांत ठेवलं. वंश तोच, भाषा तीच, चेहरा तोच. १८७१ साली सरकारने फर्मान काढून हा दर्जा रद्द केला. पण लगेच पुढच्या वर्षी झालेल्या कुटुंबनोंदणीत त्यांतल्या कित्येकांच्या नावापुढे 'नवे सामान्यजन' अशा नोंदी झाल्या, आणि ती दप्तरं १९६८ पर्यंत कुणालाही बघता येत होती. लग्न ठरवण्याआधी खाजगी गुप्तहेर लावून मुलीचं मूळ गाव शोधायचं, ही तिथली जुनी रीत. १९७५ साली उघडकीला आलं की देशभरातल्या पाच हजारांहून जास्त बुराकू वस्त्यांची नावं आणि ठिकाणं छापलेली पुस्तकं गुपचूप विकली जात होती. घेणाऱ्या दोनशेहून जास्त कंपन्या होत्या. कशासाठी? नोकरीला आलेल्या मुलाचा पत्ता त्या यादीत आहे का, ते बघण्यासाठी.

म्हणजे ज्या आकड्यांच्या पत्त्याला आम्ही पंधरा दिवस भुललो होतो, त्याच पत्त्याची कुंजी कुणाच्या तरी टेबलाच्या खणात होती. डांबर संपत नव्हतं, सीमा मात्र होती.

अशा एका वस्तीतून आम्ही नंतर गेलोसुद्धा. तिचं नाव इथे लिहिणार नाही. इंटरनेटवर ती यादी पुन्हा पसरवणाऱ्यांविरुद्ध तिथले लोक वर्षानुवर्षं कोर्टात लढले. २०२३ च्या जूनमध्ये टोकियोच्या उच्च न्यायालयाने भेदभाव न होण्याचा हक्क मान्य करून यादी प्रसिद्ध करायला मनाई केली. त्या यादीत आमच्या लेखाने एका ओळीचीही भर पडू नये.

जे उघडपणे बघता येतं त्याबद्दल मात्र सांगतो. शिनागावा स्टेशनच्या बाहेर, काचेच्या उंच इमारतींच्या मधोमध टोकियोचा सरकारी मांसबाजार आहे. तिथे जनावरं कापली जातात. त्याच आवारात एक माहितीकेंद्र आहे, कुणीही जाऊ शकतं. गायीच्या आणि डुकराच्या अवयवांची माहिती, सुऱ्यांचे प्रकार, आणि त्याच ओळीत इथल्या कामगारांना आलेली निनावी पत्रं. शिव्यांची, घाणेरडी. कामगारांनी ती लपवली नाहीत, मांडून ठेवली. आमच्यासोबतची मैत्रीण दोन पत्रं वाचून थांबली, तिसरं तिला वाचवेना. आम्ही म्हणालो, राहू दे, पुढचं आम्हाला येतं.

आता धम्माचं. आमच्या पिढीने जपानकडे फार प्रेमाने बघितलं आहे. नागपूरचे भदंत सुरेई ससाई मूळचे जपानी. २०१५ साली कोयासान विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला तेव्हा आम्ही ते फोटो रात्रभर एकमेकांना पाठवत होतो. निशी-कासाईतही चालताना छोटं बौद्ध मंदिर दिसलं की आम्ही हात जोडायचो. पण जपानमध्ये माणूस मेल्यावर भिक्खू त्याला नवं धम्मनाव देतात आणि ते दगडावर कोरतात. बुराकू माणसांच्या थडग्यांवर अनेक मंदिरांनी पशू, हीन अशा अर्थांची अक्षरं कोरली. मेल्यावरही वाडी सुटली नाही, आणि ती कोरणारे बुद्धाचं नाव घेणारे होते. १९७९ साली अमेरिकेत प्रिन्स्टनला भरलेल्या धर्म आणि शांतता परिषदेत सोतो झेन पंथाच्या वरिष्ठ पदाधिकाऱ्याने सांगितलं की जपानमध्ये असा भेदभावच नाही. बुराकू मुक्ती संघटनेने त्याला धारेवर धरलं, तेव्हा कुठे पंथाने चूक कबूल केली, थडगी आणि नोंदवह्या तपासायला घेतल्या. संघटना नसती तर कुठला पंथ आपलं स्मशान तपासणार होता?

बाबासाहेबांनी १९५६ साली आपल्याला २२ प्रतिज्ञा का दिल्या, नुसतं त्रिशरण-पंचशील देऊन का थांबले नाहीत, हे आम्हाला त्या स्मशानाच्या कुंपणाशी उभं राहून जितकं कळलं तितकं कुठल्या शिबिरात कळलं नव्हतं. बौद्ध देश असणं पुरत नाही. म्हणून पोरांच्या प्रश्नाला आमचं उत्तर: जात होती, आहे, आणि तिच्याशी लढणारेही आहेत.

लढणाऱ्यांबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. महाडच्या पाच वर्षं आधी, ३ मार्च १९२२ रोजी क्योतोमध्ये सुइहेइशा, म्हणजे समता संघ, स्थापन झाला. त्यांचा झेंडा काळा, त्यावर रक्ताच्या रंगाचा काटेरी मुकुट. ज्या शब्दाने त्यांना हिणवलं जायचं तोच शब्द त्यांनी जाहीरनाम्यात अभिमानाने स्वतःला लावला. या चळवळीतले जिइचिरो मात्सुमोतो १९४७ साली वरिष्ठ सभागृहाचे उपाध्यक्ष झाले. संसदेत सम्राटाला भेटताना पाठ दिसू नये म्हणून खेकड्यासारखं तिरकं चालत मागे सरायची पद्धत होती. १९४८ च्या जानेवारीत मात्सुमोतोंनी तसं चालायला नकार दिला. बस, एवढंच. सरळ चालणार म्हणाले. महाडला सभेच्या मांडवापासून चवदार तळ्यापर्यंत आपली माणसं चालत गेली, तीही सरळच चालली होती.

आता हे सगळं लोधिवलीत बसून का लिहितोय? २०२० च्या डिसेंबरात महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यावीत. बदलायच्या नावांच्या उदाहरणांत महारवाडा होता, मांगवाडा होता, आणि बौद्धवाडाही होता. आमच्या भागातल्या एका वस्तीत यावरून पोरांत दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, पत्त्यातून जात जाऊ दे, मुलांना नोकरीला त्रास नको. दुसरा म्हणतो, महारवाडा लोकांनी लादला होता, बौद्ध हे नाव आपण घेतलं, ते एका रांगेत कसं?

आम्ही दुसऱ्या तटात आहोत, पण पहिल्याची भीती आम्हाला हास्यास्पद वाटत नाही. जपानमध्ये ती भीती छापील पुस्तकाच्या रूपात विकली गेली आहे. फरक इतकाच दाखवायचा आहे की तिथे पत्त्यातून नाव गेलं आणि यादी तरीही टिकली. यादी करणाऱ्याला नाव लागत नाही, त्याला ठिकाण पुरतं. समतानगर कुठे आहे असं विचारल्यावर ओट्यावरचा माणूस हात कुठे करतो, ते बघा.

आणि काही याद्या अशा असतात की ज्यांत आपण असायला हवं होतं. १९ जुलै २०२३ च्या रात्री चौकजवळच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकूर समाजाची वाडी. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ता राहिली. गाडी जाईल असा रस्ता नव्हता, मदतीला गेलेले सगळे पावसात चालत चढले, यंत्रं खालीच राहिली. दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, असं सरकारने सभागृहात सांगितलं. एदोगावा वॉर्डाने २०१९ साली पुराचा नकाशा घरोघर वाटला होता, त्याच्या मुखपृष्ठावर स्पष्ट छापलं होतं की इथे थांबू नका. वॉर्डाची बहुतेक जमीन भरतीच्या पातळीखाली आहे, हे त्यांनी कुणापासून लपवलं नाही. तो कागद आम्ही परत येताना बॅगेत घालून आणला आहे. विहारात लावलाय, ज्याला बघायचा त्याने बघावा.

पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही काही जण चौकहून चालत निघणार आहोत. प्रत्येक वाडीत तीन गोष्टी वहीत लिहायच्या: डांबर कुठे संपतं, डोंगर किती जवळ आहे, आणि वाडीतले लोक स्वतःच्या वाडीला काय म्हणतात. तिसरी गोष्ट विचारल्याशिवाय लिहायची नाही. येणाऱ्यांनी पाणी आणि छत्री आणावी, जेवण वाटेत होईल.

जय भीम.